झमनदासचं सराध

गुरुवार, १७ जून २००४

आज दत्तगुरूंचा वार, म्हणून काम आजच सुरू केलं. पहिल्या पानावर बाबांनी मला लिहायला लावलं : "अ‍ॅडव्होकेट टहलराम यांची जीवनकथा. सांगणार स्वतः, लिहिणार त्यांची सून." सासऱ्यांच्या पुस्तकावर माझा उल्लेख आला, तोही पहिल्याच दिवशी. देवापुढे साखर ठेवली.

बाबांच्या डाव्या डोळ्याची नजर काचबिंदूने गेली, उजव्याला नुसत्या सावल्या दिसतात. त्यांना लिहायचं होतं सिंधीत, पण ती अक्षरं घरात कुणाला येत नाहीत. हे कल्याण कोर्टात वकिली करतात, यांनाही नाही. आमची मुलगी रिद्धी कॉलेजात इंग्रजी लिहिते. उरले मी. मी म्हटलं, "बाबा, मी मॅट्रिक. पुस्तक लिहायला चांगली शिकलेली बाई बघा." तर हसले. "मॅट्रिकवाले पुरे होतात, बेटा. सगळी कोर्टं मॅट्रिकवाल्यांनीच चालवलीत."

सांगायची पद्धत सगळी कोर्टाची. हिरवा कागद, डावीकडे चार बोटं समास, प्रत्येक परिच्छेदाला नंबर. "पूर्णविराम. वाचून दाखव." पहिला परिच्छेद असा : "टहलरामचा जन्म सिंधमध्ये शिकारपूर येथे झाला." मी म्हटलं, "बाबा, 'माझा जन्म' लिहू ना?" म्हणाले, "नको. टहलराम असंच लिही." मोठी माणसं असंच लिहीत असतील.

मंगळवार, २९ जून

अकरा पानं झाली. टहलराम कराचीत वकिलीची परीक्षा पास झाला तिथपर्यंत आलो. बाबा सांगतात फार छान. टहलरामचे केस कसे मागे वळलेले, इंग्रज जजसमोर बोलताना तो टेबलावर कशी बोटं वाजवायचा. "लांब बोटं होती त्याची. पेटी वाजवणाऱ्यासारखी." लिहिता लिहिता बाबांच्या हाताकडे लक्ष गेलं. आखूड, जाड बोटं, अंगठा चपटा. वयानं हात असे आखडतात वाटतं.

धाकट्या भावाबद्दल, झमनदासबद्दल, विचारलं. आमच्याकडे दरवर्षी पितृपक्षात दशमीला त्यांचं सराध असतं. सासूबाईंनी जाताना मला ते सोपवलं होतं. इथे श्राद्धाला सराधच म्हणतात, आता माझ्याही तोंडात तेच बसलंय. मी इतकी वर्षं त्यांच्यासाठी खीर करते, पण माणूस कसा होता ते माहीत नाही. बाबा म्हणाले, "झमन? त्याचं काय लिहायचं. मॅट्रिक. भावाच्या फायली उचलायचा." मग म्हणाले आज पुरे.

शनिवार, २४ जुलै

बाबांच्या पायांवर सूज, म्हणून अंबरनाथला हृदयाच्या डॉक्टरकडे नेलं. केसपेपरवर वय त्र्याऐंशी बघून डॉक्टर म्हणाले, "वाटत नाहीत हो, अठ्ठ्याहत्तर फार तर." बाबा म्हणाले, "डॉक्टर, तुमची नजर चांगली आहे." बाहेर येऊन डॉक्टरांनी यांना सांगितलं की हृदय मोठं झालंय, पाणी मोजून द्या, दिवाळी बघतील असं धरून चला.

रिक्षात बाबांनी विचारलं, "किती म्हणाला?" हे रिक्षावाल्याला रस्ता सांगू लागले. बाबाच म्हणाले, "वेणू, रोज दोन पानं करू."

रविवार, २२ ऑगस्ट

आज बदलापूरहून माझी कौसाआत्या आली. बाबा सांगतायत आणि मी लिहितेय हे बघून दारातच उभी राह्यली. म्हणाली, "काय गो, म्हाताऱ्याचा जबाब घेतेस काय? पोलिसान लागलीस?" बाबा खूप हसले, मग त्यांना खोकला आला. आत्या आत येऊन हळूच म्हणाली, "तुला हा वेणूच म्हनतो अजून? बाकी सगली तर भावना म्हनतात."

खरंच आहे. सिंधी घरात लग्नात सुनेचं नाव बदलतात. वेणूची भावना झाले त्याला बावीस वर्षं झाली. सासूबाई, शेजारी, रेशनकार्ड, हे स्वतः, सगळे भावना म्हणतात. एकटे बाबाच पहिल्या दिवसापासून वेणू. तेव्हा मी त्यांना घाबरत विचारलं होतं, तर म्हणाले होते, "एक तरी माणूस पाहिजे घरात, जो खऱ्या नावानं हाक मारील. नाहीतर माणूस विसरतो." मला तेव्हा ते नुसतं मायेचं वाटलं होतं.

पानं एकावन्न. टहलराम, झमन, आई आणि तीन बहिणी फाळणीनंतर कराचीहून बोटीनं मुंबईला उतरले, कल्याणच्या निर्वासित कॅम्पात आले, जिथे आम्ही अजून राहतो. बराक, मध्ये गोणपाटाचे पडदे. इथवर आलं की बाबा रोज थांबतात आणि मागचंच परत वाचायला सांगतात. चार दिवस झाले, पुढे एक ओळ नाही.

मंगळवार, २१ सप्टेंबर



सकाळी बाबांनी दार लावून घ्यायला सांगितलं. रिद्धी कॉलेजात, हे कोर्टात. म्हणाले, "नंबर एकशे बारा. लिही. सन एकोणीसशे अठ्ठेचाळीस, पाऊस संपता संपता, बराकीत हगवणीची साथ आली. टहलराम तिसऱ्या दिवशी वारला."

मी म्हटलं, "बाबा, झमनदास वारले."

"टहलराम वारला. लिही."

मला वाटलं बाबांचं डोकं फिरलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, कधीकधी बरळतील. पण बाबा अगदी कोर्टात उभं राहिल्यासारखे सरळ बसले होते. पुढचं त्यांच्याच शब्दांत लिहिते, हिरव्या कागदावर लिहिलं तसंच.

"टहलरामचं प्रेत झाकलेलं होतं. कॅम्पचा बाबू नाव लिहायला येणार होता. आईनं झमनला कोपऱ्यात नेलं. म्हणाली, वकील मेला तर घर मेलं. तीन बहिणी आहेत. झमन मेला असं सांग. झमन बावीस वर्षांचा होता. दोन वर्षं भावाची मुन्शीगिरी केलेली, अर्ज लिहिता येत होते, कायद्याची पुस्तकं पाठ होती. बाबू आला. आईनं गळा काढला, हाय झमन, हाय माझ्या झमन. छाती पिटून रडली. झमन तिथेच उभा होता. ती त्याच्याकडे बघत रडत होती. पूर्णविराम."

मी विचारलं, "म्हणजे तुम्ही..."

"वाचून दाखव," म्हणाले.

मी वाचून दाखवलं. मान हलवून म्हणाले, "बरोबर आहे. मीही मॅट्रिकच आहे, वेणू."

गुरुवार, २३ सप्टेंबर

दोन दिवस जेवण जात नाही. माझ्या डोक्यात वकिली नाही, सनद नाही. त्याचं मला काही कळत नाही. माझ्या डोक्यात एकच.

इतकी वर्षं मी खीर रांधून, ब्राह्मण बसवून, झमनदासच्या नावानं पाणी सोडायला लावलं. झमनदास जिवंत होते. जिवंत माणसाचं श्राद्ध! दुश्मनाचंही कुणी करीत नाही. आणि जो खरा गेला, तरणा, बिनलग्नाचा, त्या टहलरामला छप्पन वर्षांत कुणी ओंजळभर पाणी दिलं नाही. त्याचं नाव घेऊन आम्ही त्र्याऐंशीवा वाढदिवस केला, केक कापला.

आमचा पहिला मुलगा चार महिन्यांचा होऊन गेला. तेव्हा त्र्यंबकेश्वरला गेलो होतो. तिथले गुरुजी म्हणाले होते, घरातला कुणीतरी तहानलेला आहे, आठवून बघा, कुणाचं नाव राहिलंय का. मी यांच्या आजोबा-पणजोबांपर्यंत सगळी नावं काढली. बाबा बाजूलाच बसले होते. काही बोलले नाहीत. चार महिन्यांचं पोर माझं. बोलले नाहीत.

आज दुपारी त्यांना ताट वाढलं आणि पाण्याचा पेला त्यांच्या हाताला लागणार नाही असा लांब ठेवला. मुद्दाम. दारामागे उभी राहून बघत होते. ते हातानं चाचपत राहिले, डावीकडे, उजवीकडे. मग घास तसाच गिळला. मला हाक नाही मारली. त्यांना कळलं होतं.

पेला नंतर हातात दिला. कुठल्या तोंडानं देवापुढे बसू.

रविवार, २६ सप्टेंबर

यांना सांगितलं. आधी सांगायला हवं होतं, पण धीर झाला नाही. पानं दिली, यांनी वाचली, एकदा उभ्यानं आणि एकदा बसून. बाबांच्या खोलीत गेले. मी चहा घेऊन मागोमाग.

हे म्हणाले, "हे खरं आहे?"

"मरताना वकील खोटं बोलत नाही. त्याआधी बोलतो."

"मस्करी करू नका, बाबा. हे छापायचं नाही."

"छापायचं म्हणून तर लिहिलं."

"कॅम्पात निम्म्या घरांचे कागद तुमच्या सहीचे आहेत. एकेकाला छप्पर मिळालं ते एवढ्या एका कागदावर. उद्या कुणाचा भाडेकरू उठेल आणि म्हणेल, वकीलच बोगस, मग कागद कसा खरा? त्या लोकांना काय सांगू? आणि मी? माझ्या सनदेवर बापाचं नाव काय आहे? मी कुणाचा मुलगा?"

बाबा म्हणाले, "माझा."

"पण तुम्ही कोण?"

 चहा गार झाला. यांनी पानं उचलली, सगळी सहासष्ट, आणि कपाटात कुलूप लावून ठेवली. हे काही वाईट नाहीत. किल्ली खिशात टाकल्यावर परत येऊन बाबांच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं.

बाबा मला म्हणाले, "पुस्तक राहू दे. भावाला पाणी तरी मिळू दे. माझ्या हातून. एवढं कर, वेणू. दिवस नाहीत."

 मला अजून राग आहे.

शुक्रवार, ८ ऑक्टोबर

दशमी.

मी यांना म्हटलं होतं, या वर्षी नको. हे म्हणाले, "दरवर्षीचं बंद केलं तर महाराज विचारतील. कॅम्पात बातमी व्हायला वेळ लागत नाही. जसं चालतं तसं चालू दे." इकडे सिंधी ब्राह्मणाला महाराज म्हणतात. ते आले, पाट मांडला. बाबा दरवर्षी या दिवशी सकाळीच बाहेर पडायचे, सुट्टी असली तरी कोर्टात जाऊन बसायचे. मला वाटायचं, भावाचं दुःख सहन होत नाही. या वर्षी पायांनी जाववत नाही. पलीकडच्या खोलीत पलंगावर होते, मध्ये नुसता पडदा.

महाराजांनी यांच्या हातावर पाणी घालून नाव घेतलं. झमनदास. एकदा, दोनदा, तीनदा.  पडद्यामागे खोकलासुद्धा नाही. मला वाटलं गेले. धावत जाऊन बघितलं, तर डोळे उघडे, छतावर लावलेले. म्हणाले, "खीर कशी झालीय?"

"चांगली झालीय."

"आण थोडी. इतकी वर्षं माझ्या नावाची करतेस, मी एकदा चाखली नाही."

मला हसू आलं नाही, रडूही आलं नाही. वाटीत आणली. चमच्यानं भरवली. चार चमचे खाल्ले, म्हणाले, "वेलची जास्त झाली. मेलेल्याला चालेल." मग माझा हात धरून ठेवला. ते आखूड, जाड बोटांचे हात. "त्र्यंबकला बोलायला हवं होतं," म्हणाले. "तोंड उघडलं होतं मी. तुझा हरेश बाजूला होता."

राग कुठे गेला ठाऊक नाही. एवढं मात्र ठरवलं, अमावास्या चुकू द्यायची नाही. त्या दिवशी कुणाचंही करता येतं, तिथी विचारत नाहीत.

सोमवार, ११ ऑक्टोबर

यांच्याशी तीन दिवस बोलणं झालं नव्हतं. आज मीच म्हटलं, "तुमच्या काकांना पाणी द्यायचंय. बाबा देतील, भाऊ जिवंत असताना तुम्ही कशाला. फक्त घेऊन जायचंय. मी रिक्षा करते."

"या तब्येतीत? रस्त्यात काही झालं तर?"

"इथे झालं तर काय बरं आहे?"

हे म्हणाले, "इथल्या घाटावर नको. इथे बाबांना सगळे ओळखतात." म्हणजे होकारच. मग म्हणाले, "गाडी मी चालवीन. पण खाली उतरणार नाही. जे मी ऐकलं नाही, त्याची साक्ष माझ्याकडे कुणी मागू शकत नाही."

वकिलाच्या घरात असा होकार मिळतो.

बुधवार, १३ ऑक्टोबर. सर्वपित्री अमावास्या

बदलापूरला उल्हास नदीवर गेलो. कौसाआत्यानं तिच्या ओळखीचे भटजी सांगून ठेवले होते. तिला एवढंच सांगितलं होतं की बाबांच्या भावाचं राहिलंय. नदीवर गर्दी, पाच-पाच जणांना एकदम बसवत होते. आमच्यासाठी भटजींनी कडेला पाट टाकला. यांनी बाबांना उचलून पायरीपर्यंत आणलं आणि गाडीत जाऊन काचा वर करून बसले. एवढ्या उन्हात.

आत्या आणि मी दोन्ही बाजूंनी धरून. बाबांचं अर्धं अंग माझ्यावर. हातात दर्भ, तीळ. भटजी घाईत होते. "कुणाचं करायचंय?"

बाबा म्हणाले, "थोरला भाऊ. टहलराम." हे स्पष्ट म्हणाले.

"गोत्र?"

"काश्यप."

"करणाऱ्याचं नाव?"

बाबांचं तोंड उघडलं आणि आलं काय, तर "टहल..." तिथेच थांबले. भटजी म्हणाले, "आजोबा, ते गेलेल्यांचं झालं. तुमचं सांगा." मी ओंजळीत पाणी घातलं. बाबांचे ओठ हलत होते, आवाज नाही. पाणी बोटांतून गळून गेलं. परत घातलं. परत गळालं. आत्या मला म्हणाली, "तू सांग की गो, सासऱ्याचं नाव तुला ठाऊक नाय?" मी सांगू शकले असते. जिभेवर होतं. पण मी सांगितलं तर ते माझ्या तोंडचं झालं असतं, आणि या माणसाचं नाव आधीच एकदा दुसऱ्याच्या तोंडून गेलेलं.

मागे लोक ताटकळले होते. एक बाई म्हणाली, "म्हातारा विसरला बिचारा."

तिसऱ्यांदा पाणी घातलं. बाबांनी मान खाली घातली, नदीकडे वळवली, दिसत नसताना. आणि म्हणाले, "झमनदास." नातवंडाचा आवाज असावा तसा बारीक आवाज.

भटजींनी ते नाव मंत्रात घातलं आणि पुढे गेले, दिवसभर शंभर नावं घालतात तसं. त्यांना काय माहीत. आत्यानं माझ्याकडे बघितलं. झमनदासच्या सराधाला ती आमच्याकडे दोनदा जेवलीय. मग बाबांचा खांदा घट्ट धरला.

टहलरामना पाणी मिळालं. तीन ओंजळी. बाबांनी स्वतः सोडलं, शेवटची ओंजळ सोडताना सिंधीत काहीतरी बोलले, मला कळलं नाही, विचारलंही नाही.

गाडीत बसलो. यांचा शर्ट घामानं पूर्ण भिजलेला होता. डोळे लाल होते, ते घामानं होत नाहीत. अंबरनाथ मागे पडल्यावर म्हणाले, "काच किती जाड असते गाडीची, तरी ऐकू येतं."

रविवार, १७ ऑक्टोबर

घटस्थापनेनंतर आज पहिल्यांदा बाबा उठून बसले. श्वास लागतो, दोन शब्दांमध्ये थांबतात. म्हणाले, "कागद घे. नवीन सुरू करू. आता 'मी' लिहायचं."

मी हिरवा कागद घेतला. समास सोडला. नंबर एक. पेन उघडून बसले.

 "टहलरामचं सगळं सांगता येतं," म्हणाले. "परीक्षा, पहिली केस, लग्न, हरेश, कोर्टात कोण काय बोललं. ते सगळं टहलरामचं झालं, वेणू. झमनचं काय? तो बाविसाव्या वर्षी संपला. त्याला काय आवडायचं, तो कुणावर चिडायचा, म्हातारा झाला असता तर कसा झाला असता, काही आठवत नाही. छप्पन वर्षं शोधलाच नाही त्याला." हातानं पांघरूण चाचपत होते, जसे त्या दिवशी पेला शोधत होते. मला बघवेना. मी म्हटलं, "बाबा, राहू दे."

"राहू दे कसं? डॉक्टरनं दिवाळी सांगितलीय. तारीख मागून मिळत नाही या कोर्टात."

दुपारचा चहा झाला, तरी कागद कोरा. मग एकदम म्हणाले, "लिही. मला सायकलचं पंक्चर काढता यायचं. पूर्णविराम."

लिहिलं. वाचून दाखवलं. "बरोबर आहे," म्हणाले, आणि थकून आडवे झाले.

संध्याकाळी हे आले. टेबलावरचा कागद उचलला. मला वाटलं, आता हाही कपाटात जाणार. एकच ओळ, पण कितीतरी वेळ वाचत होते. मग चपला न काढता बाबांच्या खोलीत गेले आणि पलंगाच्या कडेला बसले.

"आम्हाला कधी सांगितलं नाहीत," म्हणाले. "माझी सायकल तर दर वेळी दुकानात पाठवायचात."

बाबा म्हणाले, "वकिलाचे हात काळे झालेले कसे चालतील."

"मग कसं काढायचं, सांगा," हे म्हणाले.

आणि बाबा सांगायला लागले, धाप लागत, थांबत. आधी ट्यूब पाण्यात बुडवायची, मग बुडबुडे कुठून येतात ते बघायचं. मी कागद पुढे ओढला आणि लिहीत राहिले. आज त्यांनी पूर्णविराम सांगितला नाही.